जेमुशीची पट्टी

१

पट्टी गेली ती भर दुपारी, सगळी मंडळी कुट्टूच्या गार शेवया ओढत बसली होती तेव्हा.

पट्टी म्हणजे तळहाताएवढा पितळी तुकडा. मेंग ठेकेदाराच्या लाकडाच्या वखारीत एक जुना लष्करी ट्रक उभा होता, त्याच्या डॅशबोर्डावर चार स्क्रूंनी बसवलेला. रंगाचे थरावर थर चढल्यामुळे त्यावरचा आकडा कुणालाच वाचता येत नव्हता. शेवया खाऊन झाल्या की औषध लावून रंग उतरवायचा आणि आकडा वाचायचा, असं ठरलं होतं. मंडळी तोंड पुसत परत आली, तर डॅशबोर्डावर नुसती चौकोनी फिकी जागा.

ट्रकला गावात कुणी ट्रक म्हणत नसे. तो जेमुशी होता. अमेरिकेत ज्या कंपनीने तो बांधला तिच्या नावाची तीन अक्षरं, इंजेच्या डोंगरातल्या जिभांवर घासून घासून त्यांची जेमुशी झाली होती. लढाई संपल्यावर अशा गाड्यांनी डोंगरातली लाकडं ओढली. जिथे बैल चढत नाही तिथे जेमुशी चढते, असं म्हणत. ही शेवटची. गेल्या वसंतापर्यंत ती ओंडके वाहत होती, आता ती जिल्ह्याच्या संग्रहालयात जायची होती.

ग्वाकला बोलावून आणलं ते सुल्ये आजीने. ग्वाक म्हणजे पोलिसातून निवृत्त झालेला तपासनीस, वय सहासष्ट, गुडघे त्याहून जुने. आजी त्याच्या दाराशी आली, चपलाही न काढता उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, तुम्ही मला एकतीस वर्षं 'माहिती नाही' असं लिहून दिलंत. आज माहिती होती. ती कुणीतरी चोरली."

ग्वाकने हातातला भाताचा वाडगा खाली ठेवला आणि टोपी घातली.

२

आजीचं खरंच होतं. दर वर्षी छुसॉकच्या आधी, म्हणजे पितरांचा सण तोंडावर आला की, ती चौकीत यायची. नवरा तक संग-हो, लष्कराच्या वाहतुकीत चालक, एक्कावन्न सालच्या डिसेंबरात तीन गाड्यांच्या ताफ्यात डोंगरात शिरला तो बाहेर आला नाही. सण आला की लोक आपल्या थडग्यांवरचं वाढलेलं गवत कापायला निघत. सुल्येला कापायला गवत नव्हतं. म्हणून ती चौकीत येई, आणि काउंटरमागचा तरुण ग्वाक, मग मध्यमवयीन ग्वाक, मग टक्कल पडलेला ग्वाक तिला तोच कागद देई. त्याला त्याची लाज वाटे, पण लाज वाटून कागदावरचा मजकूर बदलत नाही.

वखारीत पोचल्यावर त्याने आधी गाडी पाहिली. संग्रहालयाच्या यूनजू बाईंनी तीन आठवडे खपून तिचा रंग थराथराने उतरवला होता. वर ठेकेदाराचा पिवळा, त्याखाली निळा, मग दोन हिरवे, आणि तळाशी लष्कराचा मातकट. बॉनेटवर पांढरे आकडे उमटले होते, फक्त शेवटचा आकडा होता तिथे गंजाने भोक पाडलं होतं. यूनजू बाई सोलहून आलेल्या, वय पस्तीस, बोलताना यादी वाचल्यासारखं बोलायच्या. त्यांनी सांगितलं की लष्कराच्या जुन्या वहीत डोंगरात हरवलेल्या तीन गाड्यांचे आकडे आहेत. तिन्ही एका पाठोपाठचे, फरक फक्त शेवटच्या आकड्याचा. तीन गाड्या, तीन चालक. यातली एक तक संग-होची. चासीच्या ज्या पुढच्या तुकड्यावर आकडा असायचा, तो कधीच तुटून बदललेला.

"म्हणजे कोणाची गाडी हे सांगणारी एकच वस्तू होती," ग्वाक म्हणाला.

"एकच. आणि गाडी त्यांची निघाली, तर ती कुठे मिळाली हे शोधता येईल. जिथे गाडी, तिथे माणूस."

ग्वाकने डॅशबोर्डाकडे वाकून पाहिलं. गुडघे कुरकुरले. चारही स्क्रू आपापल्या भोकात परत बसवलेले होते, पुरते आवळलेले, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर तेलाचा एक थेंब होता.

३

जेवणाच्या वेळी कोण कुठे होतं, हे त्याने एकेकाला विचारलं.

मेंग ठेकेदार शेवया अर्ध्यावर टाकून फोन करायला उठला होता. हा गडी पन्नाशीचा, बापाकडून वखार आणि आवाज दोन्ही वारशात मिळालेला. फोन कोणाला, असं विचारल्यावर त्याने आधी बायकोचं नाव सांगितलं, मग सासूचं, आणि शेवटी कबूल केलं की सोलच्या एका हौशी माणसाने संग्रहालयापेक्षा दुप्पट बोली लावली होती. पट्टी वाचली गेली असती, गाडी हरवलेल्या लष्करी मालातली निघाली असती, तर ती विकायचा हक्कच गेला असता. एवढं बोलून झाल्यावर आपण काय बोलून बसलो हे त्याच्या ध्यानात आलं.

"पण मी नाही काढली, साहेब. मला स्क्रू काढता येतात का विचारा कुणालाही. घरातला बल्ब बायको बदलते."

यूनजू बाई रंग उतरवायचं औषध आणायला गाडीने तालुक्याला गेल्या होत्या. दुकानाची पावती त्यांच्याकडे होती, वेळेसकट. त्यांनी काढली असती तर स्क्रू चार छोट्या पिशव्यांत गेले असते आणि पिशव्यांवर क्रमांक पडले असते.

सुल्ये आजी चेस्टनटच्या झाडाखाली बसल्या बसल्या पेंगली होती. याबद्दल ती स्वतःलाच शिव्या देत होती. त्रेपन्न वर्षं जागी राहिले आणि नेमकी आज झोपले, असं तिचं म्हणणं.

उरला गिलसॉब. याला गावात सगळे काका म्हणत. वय त्र्याहत्तर, जेमुशीचा वैद्य. त्रेसष्ट साली ही गाडी त्यानेच पहिल्यांदा वखारीत आणली, ठेकेदाराच्या बापाला विकली आणि मग पगारावर तिच्यामागोमाग आला. ग्वाक गेला तेव्हा तो विहिरीजवळ उकिडवा बसून दगडावर कोयता परजत होता. दात नसल्यामुळे शेवया खात नाही, म्हणून इथेच होतो, असं त्याने आपण होऊन सांगितलं. गाडी कुठून आणली होती, यावर ठरलेलं उत्तर आलं. लष्कराच्या लिलावातून. लष्कराने कुठून ओढून आणली असेल ते लष्कराला ठाऊक.

"चार स्क्रू काढून परत कोण बसवतं, काका?"

"ज्याला उघडं भोक बघवत नाही तो," गिलसॉब म्हणाला आणि कोयत्याच्या धारेवरून अंगठा फिरवला. "सण चार दिवसांवर आलाय साहेब. गवत कापायचंय. पुढचं विचारायचं असेल तर चालता चालता विचारा."

ग्वाकने पुढचं विचारलं नाही. पट्टी कोणी काढली हे त्याला तेव्हाच कळलं होतं. का काढली, हे मात्र त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. या म्हाताऱ्याला पट्टीचा फायदा नव्हता आणि तोटाही नव्हता. उलट तीन आठवडे सुल्ये आजी रोज बटाट्याच्या वड्या आणून त्याला खाऊ घालत होती, आणि तो मान खाली घालून खात होता. माणूस विनाकारण चोरी करत नाही, आणि गिलसॉब तर विनाकारण बोलतही नसे.

४

दुसऱ्या दिवशी ग्वाकने यूनजू बाईंची यादी मागितली. गाडीतून निघालेली प्रत्येक वस्तू तिच्यात होती. सिगारेटची थोटकं, एक चमचा, सत्तर सालचं नाणं, लहान मुलाचा रबरी बूट. क्रमांक एकतीस: सुका मासा, एक, डोकं तुटलेलं. दोरा, मळका, निळा. सीटखाली, चौकटीला बांधलेला.

यूनजू बाई हसून म्हणाल्या की हा कचरा फेकायचाच होता, पण नियम म्हणजे नियम.

ग्वाक हसला नाही. गाडी घेतली की सुक्या माशाला दोऱ्याचे वेढे देऊन तिच्यात बांधायचा, दारू चाकांवर ओतायची, ही रीत तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मासा डोळे मिटत नाही म्हणून तो राखण करतो, दोरा लांब म्हणून आयुष्य लांब. मासा वाळून भुगा झाला की नवा आणतात. पण दोरा असतो पांढरा. निळा दोरा त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

तो पिशवी घेऊन आजीच्या घरी गेला. काही न सांगता त्याने फक्त विचारलं की संग-हो निघाला तेव्हा तिने त्याच्याबरोबर काय दिलं होतं.

आजी कोबी मिठात घालत होती. तिचे हात मिठातच थांबले. मग तिने सांगितलं की लढाईत पांढरा दोरा कुठे मिळणार. तिने लग्नातल्या निळ्या घागऱ्याची कड उसवली, तिचा दोरा काढला आणि माशाला गुंडाळून दिला. कोणती गाडी देतील ती देवोत, तीत हा बांधा, असं सांगितलं. ती एकोणीस वर्षांची होती आणि लग्नाला पाच महिने झाले होते.

ग्वाकने पिशवी तिच्यासमोर ठेवली. तिने मिठाचे हात फडक्याला पुसले, पुन्हा पुसले, आणि तरीही पिशवीला हात लावला नाही.

"साहेब, तुम्हाला एक सांगते. कुणाला सांगितलेलं नाही. त्यांचं एक पत्र आलं होतं. मला वाचता येत नव्हतं, पाटलाने वाचून दाखवलं, चार लोकांत. लिहिलं होतं की थंडी फार आहे, पण मी रात्री जेमुशीच्या कुशीत झोपतो, ती रात्रभर गरम असते."

बाईमाणसाचं नाव मानाने घ्यायचं तर तिकडे त्यापुढे 'शी' लावतात. गाडी कधी न पाहिलेल्या पोरीच्या कानाने काय ऐकलं असेल, हे सांगायची गरज नव्हती.

"जेमुबाई," आजी म्हणाली. "मला वाटलं, कुठली तरी जेमुबाई केलीय यांनी. पाटील म्हणाला, उत्तर काय लिहू? मी म्हटलं, काही नको. दोन वर्षांनी रस्त्याने लाकडाची गाडी गेली आणि पोरं ओरडली, जेमुशी आली, जेमुशी आली. मी तिथेच रस्त्यात बसले. तोवर उत्तर पाठवायला माणूस राहिला नव्हता."

मग तिने पिशवी उचलली आणि गालाला लावली.

५

गाडी ओळखली गेली. पट्टीवाचून ओळखली गेली. पण ग्वाकच्या दृष्टीने दोऱ्याने आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि ती त्याने यूनजू बाईंना बोटांवर मोजून दाखवली. लष्कर लिलावाआधी गाडी धुतं, सीट उचलतं, कानाकोपरा झाडतं. कुठलाही शिपाई सीटखालचा भुगा झालेला मासा ठेवून देणार नाही. तो ठेवतो फक्त चालक, कारण दुसऱ्याचा राखणदार फेकला तर आपल्यावर संकट येतं. तेव्हा ही गाडी लिलावात कधी गेलीच नव्हती. हरवल्या जागेवरून ती थेट गिलसॉबच्या हातात आली होती. मासे त्याने बदलले, दोरा तोच ठेवला.

"मग ती जागा त्यांना ठाऊक आहे," यूनजू बाई म्हणाल्या. "सांगत का नाहीत? तेव्हा लष्कराचं भंगार उचललं तर तुरुंग होता म्हणून?"

"तुरुंगाला भिण्याचं वय नाही राहिलं त्यांचं."

यूनजू बाई म्हणाल्या की अवशेष शोधणारी सरकारी तुकडी सणानंतर येणार आहे, ती विचारेल. ग्वाकला ते नको होतं. सरकारी माणसाने दटावून विचारलं तर गिलसॉब तोंड शिवून घेईल आणि तसाच मरेल, आणि आजीचे किती सण उरलेत ते कुणी सांगावं.

त्या संध्याकाळी तो टीव्हीसमोर बसला होता. बातम्यांत दर सणाला दाखवतात तेच दाखवत होते. उत्तरेतून पळून आलेले म्हातारे सीमेच्या कुंपणाशी ताटं मांडून उत्तरेकडे तोंड करून वाकत होते. त्यांच्या आईबापांची थडगी कुंपणापलीकडे. इथे त्यांना वाकायला माती नाही, कापायला गवत नाही. ग्वाकने हे तीस वेळा पाहिलं असेल.

एकतिसाव्या वेळी त्याच्या हातातला चहा सांडला.

सणाआधी म्हातारा माणूस कोयता परजतो, यात पाहण्यासारखं काय असतं? सगळेच परजतात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. गिलसॉब उत्तरेतल्या हमहंगचा होता. पन्नास सालच्या हिवाळ्यात, एकोणीस वर्षांचा असताना, जहाजात कोंबून दक्षिणेत आलेला. त्याने लग्न केलं नाही. सगळ्या दक्षिणेत त्याच्या रक्ताचं एकही थडगं नव्हतं.

मग एकेचाळीस वर्षं तो कोणाचं गवत कापत होता?

६

ग्वाक सकाळी गेला तेव्हा गिलसॉब गाडीत बसून इंजिन ऐकत होता. कार्बोरेटर साफ झाला होता, नवा कॅनव्हास टपावर ताणला होता, गाडी तरुणपणीसारखी गुरगुरत होती. ग्वाक शेजारच्या सीटवर चढला आणि एवढंच विचारलं की काका, तुमचं थडगं कुठे आहे.

गिलसॉबने स्टिअरिंगच्या चाकावर दोन्ही हात ठेवले. नंतर एक एक वाक्य सोडत त्याने सांगितलं. भंगार शोधत तो दारेगोलच्या दरीत उतरला होता. गाडी झाडांना टेकून उभी होती, जवळजवळ धड. चालक आत. त्याने आधी चालकाला पुरलं, मग दोन महिने खपून गाडी वर काढली. कुणाला सांगितलं तर आत टाकतील म्हणून तेव्हा बोलला नाही. पुढच्या सणाला सगळा गाव कोयते घेऊन निघाला आणि तो एकटा वखारीत उरला. मग तोही कोयता घेऊन निघाला.

"त्याचं नाव ठाऊक नव्हतं. म्हणून मी माझ्या आईचं घेत होतो. वाटायचं, मी इथे कुणाच्या तरी बापाचं गवत कापतो, तर तिकडे कुणीतरी माझ्या आईचं कापत असेल. साहेब, पट्टी वाचली असती तर सरकारी लोक त्याला उकरून सोलच्या लष्करी दफनभूमीत नेणार होते. मग मी सणाला कुठे जाऊ?"

"आजींच्या वड्या खात होतात तुम्ही."

"घशात अडकत होत्या," गिलसॉब म्हणाला. "तरी खाल्ल्या. तिच्या हातचं खाऊन गप्प राहणारा माणूस काय लायकीचा, ते मला ठाऊक आहे."

ग्वाक खाली उतरला, गाडीला वळसा घालून आला आणि म्हणाला की आता आजींना घ्यायला जायचं, आणि जायचं याच गाडीने.

७

सुल्ये आजी जेमुशीत बसली ती पिशवी मांडीवर घेऊन. तीन आठवडे तिने गाडी नुसती पाहिली होती, आत पाऊल ठेवलं नव्हतं. लाकडाचा रस्ता वर चढू लागला तशी तिने सीटवर तळहात टेकवला आणि तो तिथेच ठेवला. खालून ऊब येत होती. ग्वाकला ते दिसलं आणि तो बाहेर पाहू लागला.

देवदारांत गवताचा एक बुटका उंचवटा होता, कालच कापलेला, गोल आणि नीटस. पायथ्याशी चपटा दगड, दगडावर पितळी पट्टी, रंग खरवडून लखलखीत केलेली. ग्वाकने चष्मा लावून आकडा वाचला, खिशातल्या कागदाशी ताडून पाहिला आणि टोपी काढली.

"यूनजू बाई म्हणाल्या होत्या, त्याचं नाव या पट्टीत आहे," गिलसॉब पुटपुटला. "म्हणून इथे आणून लावली."

आजी बसली. रडेल असं दोघांनाही वाटलं होतं, पण तिला आधी विचारायचं होतं.

"आडवे होते की बसलेले?"

"बसलेले. हात चाकावर."

"खिशात?"

"पेन्सिल होती. एक कागद होता, लगदा झालेला."

"माझा नसणार," ती म्हणाली. "मी लिहिलंच नव्हतं." आणि मग ती रडली, तोंड उघडं ठेवून, लहान मुलासारखी. दोघे म्हातारे बाजूला उभे राहिले आणि त्यांना हात कुठे ठेवावे ते कळेना.

डोळे पुसल्यावर तिने उंचवट्याभोवती नजर फिरवली आणि गिलसॉबला विचारलं की यांचं तोंड उत्तरेला का केलंय. गिलसॉब कानापर्यंत लाल झाला. त्याने सांगितलं की हमहंग तिकडे आहे, म्हणजे एकदाच वाकलं की दोघांना पोचतं.

"म्हणजे एकेचाळीस वर्षं माझा नवरा तुझ्या आईशी बोलत बसलाय."

"चूक झाली, वहिनी. तुमचंच माणूस आहे. सणानंतर ते येतील, घेऊन जा."

आजीने उंचवट्याच्या डाव्या अंगाची जमीन हाताने थोपटून पाहिली, गादी पाहावी तशी.

"सोलला दगडांच्या रांगेत मला हे सापडायचे नाहीत. इथेच असू देत. साहेब, काय कागद लागतात ते तुम्ही लिहा, तुम्हाला सवय आहे." ती गिलसॉबकडे वळली. "ही जागा माझी. आणि तुझ्या कोयत्याला धार ठेव. पुढे तुला दोघांचं गवत कापायचं आहे."

गिलसॉब मटकन गुडघ्यांवर बसला. त्याचं कपाळ गवताला लागलं, उत्तरेकडे.

आजीने दारूची बाटली काढली, पहिला पेला मातीवर ओतला, निळ्या दोऱ्याचा गुंडा पट्टीशेजारी ठेवला. मग ती पुढे वाकली आणि अगदी रोजच्या आवाजात बोलली.

"तुमचं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला. जेमुबाईला भेटले मी. तिच्याच कुशीत बसून आले, अजून गरम आहे."

खाली रस्त्यावर गाडीचं इंजिन चालूच होतं. चढावर बंद केलं तर पुन्हा सुरू होईल याची गिलसॉबला खात्री नव्हती, म्हणून त्याने ते तसंच सोडलं होतं.